भाव जागेवर येतो, पण कसा? अर्थशास्त्रातला दीडशे वर्षांचा वाद

कांदा कोसळला की शेतकऱ्याला आणि कांदा भडकला की ग्राहकाला एकच उत्तर मिळते: "मागणी-पुरवठ्याचा प्रश्न आहे, भाव येईल आपोआप जागेवर." शेअर बाजार गडगडला तरी हेच, घरांचे दर वाढले तरी हेच, नोकऱ्या गेल्या तरी हेच. ऐकणाऱ्याला वाटते, अर्थशास्त्राने हे केव्हाच सिद्ध केले असणार. तसे झालेले नाही. अशी एक 'जागा' असते, हे गणिताने दाखवता आले आहे, तेही काही अटी पाळून. बाजार त्या जागेपर्यंत पोहोचतोच, हे मात्र सर्वसाधारणपणे सिद्ध झालेले नाही. या दोन विधानांतल्या अंतरावर १८७४ पासून वाद चालू आहे, आणि त्याचा आपल्या खिशाशी थेट संबंध आहे.

असणे वेगळे, पोहोचणे वेगळे

ज्या भावाला विकायला आलेला माल आणि घ्यायची तयारी नेमकी सारखी होते, त्या अवस्थेला समतोल म्हणतात. बारावीच्या पुस्तकात दोन रेषा एकमेकींना छेदतात, तो बिंदू म्हणजे समतोल. आकृती चूक नाही, पण तीत वेळ दाखवलेली नाही. बाजार आज त्या बिंदूवर नसेल तर उद्या तिकडे सरकेल की आणखी लांब जाईल, हे त्या आकृतीतून कळत नाही.

वाटीच्या तळाशी गोटी ठेवली तर ती स्थिर राहते. वाटी पालथी घालून तिच्या डोक्यावर नेमकी मधोमध ठेवली तरी क्षणभर स्थिर राहते. समतोल दोन्हीकडे आहे. धक्का दिला की पहिली गोटी डोलून तळाशी परत येते, दुसरी गडगडत जाते. धक्क्यानंतर परत येण्याच्या या गुणाला अर्थशास्त्रात स्थैर्य म्हणतात. सगळा वाद स्थैर्याचा आहे.

वालरासचा बाजार, आणि मुंबईत रोज सकाळी नऊ वाजता

स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे शिकवणारा फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ लिओन वालरास याने १८७४ मध्ये हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला. त्याच्या डोळ्यांसमोर रोखेबाजार होता. उदाहरणही त्याने फ्रेंच सरकारच्या ३ टक्के व्याजाच्या रोख्यांचे घेतले. भाव ६० फ्रँक पुकारला. घेणारे जास्त निघाले तर भाव चढवायचा, विकणारे जास्त निघाले तर उतरवायचा, पुन्हा पुकारायचे. असे चाचपडत जात दोन्ही बाजू जुळल्या की सौदे पक्के करायचे.

या वर्णनातला कळीचा भाग असा: भाव जुळेपर्यंत एकही व्यवहार होत नाही.

ही केवळ कागदावरची कल्पना नाही. भारतीय शेअर बाजारांत २०१० पासून सकाळी ९ ते ९.१५ हे बाजारपूर्व सत्र चालते, त्याची रचना बरीचशी अशीच आहे. पहिली सात-आठ मिनिटे ऑर्डर टाकता येतात, बदलता येतात, मागे घेता येतात. कोणी शेवटच्या क्षणी डाव टाकू नये म्हणून ऑर्डर घेणे सातव्या आणि आठव्या मिनिटांच्या मधे कधीतरी, आधी न सांगता थांबते. मग सगळ्या ऑर्डर एकत्र मांडून एकच भाव काढला जातो.

तो कसा काढतात, ते आकड्यांत पाहू. समजा एका शेअरसाठी घेणाऱ्यांच्या ऑर्डर अशा आहेत: १०२ रुपयांपर्यंत १०० शेअर, १०१ पर्यंत २००, १०० पर्यंत ३००, ९९ पर्यंत ४००. विकणारे असे: किमान ९८ मिळाले तर १५०, ९९ ला २५०, १०० ला ३००, १०१ ला ४००. आता प्रत्येक भावाला बेरीज करायची. ९९ ला घेणारे होतात १,००० आणि विकणारे ४००, म्हणजे व्यवहार ४०० चा. १०१ ला घेणारे ३००, विकणारे १,१००, व्यवहार ३०० चा. १०० ला घेणारे ६००, विकणारे ७००, व्यवहार ६०० चा. सर्वांत जास्त शेअर ज्या भावाला हात बदलतात तो भाव ठरतो, म्हणून १००. दोन भावांना सारखाच आकडा आला तर ज्या भावाला कमी माल शिल्लक राहतो तो धरतात. तिथेही बरोबरी झाली तर आदल्या दिवशीच्या बंद भावाच्या जवळचा. आपल्या उदाहरणात विकणाऱ्यांचे १०० शेअर उरले. ती ऑर्डर ९.१५ नंतरच्या नेहमीच्या बाजारात जाते.

हे जमते, कारण एक यंत्रणा सगळ्यांच्या ऑर्डर गोळा करते आणि तोवर सौदे रोखून धरते. संपूर्ण अर्थव्यवस्थेत असे कोणी बसलेले नसते. भाव पुकारणारा एक सर्वव्यापी लिलावदार पुढे पाठ्यपुस्तकांत रूढ झाला आणि वालरासच्या नावावर खपला. वालरासने स्वतः असा एकच माणूस उभा केलेला नाही. ती भर नंतरच्या अभ्यासकांची.

बर्त्राँचा आक्षेप: मधल्या सौद्यांचे काय?

१८८३ मध्ये जोसेफ बर्त्राँ या फ्रेंच गणितज्ञाने वालरासच्या मांडणीवर जे बोट ठेवले, ते आजही हललेले नाही. भाव चाचपडत असतानाच लोक व्यवहार करतात. समजा सकाळी दहा वाजता गरजेपोटी एकाने १८ रुपयांनी माल विकून टाकला आणि दुपारी भाव २२ झाला. आता त्याच्याकडे विकायला माल नाही आणि खरेदीला पैसेही कमी आहेत. ज्याने तो माल घेतला त्याची स्थिती नेमकी उलट. म्हणजे दुपारची मागणी आणि पुरवठा सकाळचे राहिलेच नाहीत. बाजार ज्या बिंदूकडे चालला होता तो बिंदूच वाटेत सरकला. शेवटचा भाव काय असेल, हे मग कोणत्या वाटेने आलो यावरही ठरते.

लासलगावच्या कांदा बाजारात हे उघड्या डोळ्यांनी दिसते. तिथे प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉलीचा लिलाव वेगळा होतो आणि सौदा तिथल्या तिथे पक्का होतो. म्हणून बाजार समिती दिवसाचा एक भाव जाहीर करत नाही. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे क्विंटलमागे देते. माल प्रतीनुसार वेगळा असतो हे एक कारण. पण सकाळी अकराची बोली आणि दुपारची बोली यांत आवक किती आली याच्या अंदाजाचाही फरक असतो, आणि सकाळी विकून गेलेला शेतकरी दुपारच्या भावासाठी परत येऊ शकत नाही.

वालरासने १९०० च्या आवृत्तीत यावर उपाय म्हणून कच्च्या चिठ्ठ्या आणल्या: "या भावाला इतका माल देईन" असे लिहून द्यायचे, भाव जुळला नाही तर चिठ्ठी रद्द. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस एजवर्थने १८८१ मध्येच यासारखी तोड काढली होती. अंतिम जुळणी होईपर्यंत कोणीही जुना करार मोडून नवा करू शकतो, असे त्याने मानले. तरीही १८८९ मध्ये त्याने वालरासला सुनावले की समतोलाकडे जाणारी एक वाट तुम्ही दाखवली, बाजार त्याच वाटेने जातो हे दाखवले नाही. माझ्या मते या वादातला हा सर्वांत नेमका शेरा आहे.

मार्शलची वाट

केंब्रिजचा आल्फ्रेड मार्शल वेगळ्या स्वभावाचा. त्याने १८९० मध्ये गावच्या धान्यबाजाराचे उदाहरण घेतले. भाव ३७ शिलिंग असेल तर विकणारे १,००० क्वार्टर (धान्याचे जुने इंग्रजी माप) द्यायला तयार, घेणारे ६०० च घेतील. ३५ ला विकणारे ६००, घेणारे ९००. ३६ ला दोन्हीकडे ७००. सौदे आधी कुठेही होवोत, घासाघीस करत दिवसाअखेर भाव ३६ च्या आसपास येईल, असे तो म्हणतो. बर्त्राँच्या आक्षेपाला त्याचे उत्तर असे की धान्यावरचा खर्च व्यापाऱ्याच्या एकूण पैशात लहान असतो. सकाळी एक-दोन शिलिंग जास्त गेले म्हणून दुपारी त्याची पैशाची निकड बदलत नाही.

ही अट मार्शलने प्रामाणिकपणे सांगितली, आणि ती कुठे तुटते तेही. मजुरीच्या बाजारात ती वारंवार तुटते. भुकेच्या धास्तीने काम शोधणारा मजूर पहिला सौदा वाईट करून बसला की पुढची घासाघीसही दुबळेपणानेच करतो. आपल्याकडे मळणीनंतर लगेच देणी फेडायला माल काढणारा शेतकरी याच रांगेत येतो. मार्शलचे ३६ शिलिंग तोंडपाठ असणारे बरेच जण ही अट विसरतात.

पेरणी आज, भाव सहा महिन्यांनी

आतापर्यंत माल बाजारात हजर होता. तो पिकवायचा असेल तर गुंता वाढतो. जर्मनीत आर्थर हानाऊने १९२८ मध्ये डुकरांच्या भावातले ठरावीक चढउतार अभ्यासले. भाव चढला की शेतकरी जास्त डुकरे पाळतात, ती विकायला येईपर्यंत भाव पडतो, मग सगळे कमी पाळतात, पुन्हा भाव चढतो. आलेखावर ही वाट कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते म्हणून निकोलस काल्डोरने १९३४ मध्ये या सिद्धांताला तेच नाव दिले.

याचे गणित हाताने करून पाहण्यासारखे आहे. एका बाजाराचा समतोल २० रुपये किलो आणि ६० ट्रक असा धरू. भाव एक रुपयाने चढला की खप २ ट्रकने घटतो. पुरवठा मात्र मागच्या हंगामाच्या भावावर ठरतो. पहिल्या गावात भाव एक रुपयाने चढला की पुढच्या हंगामात १ ट्रक माल वाढतो. सुरुवातीला काही कारणाने भाव २२ झाला. पुढच्या हंगामात ६२ ट्रक आले, ते खपायला भाव १९ वर यावा लागला. त्याच्या पुढे ५९ ट्रक, भाव २०.५०. मग १९.७५. गोटी वाटीच्या तळाशी चालली आहे.

दुसऱ्या गावात ग्राहक तेच, समतोलही तोच २० रुपये आणि ६० ट्रक. फक्त शेतकरी भावाला जास्त प्रतिसाद देतात: रुपयामागे ३ ट्रक. भाव २२, पुढच्या हंगामात ६६ ट्रक, भाव १७. मग ५१ ट्रक, भाव २४.५०. मग साडेत्र्याहत्तर ट्रक, भाव १३.२५. प्रत्येक फेरीत समतोलापासूनचे अंतर दीडपट होते. बारावीची आकृती काढली तर दोन्ही गावांत रेषा एकाच बिंदूत छेदतात. एका गावात शेतकरी सावरतो, दुसऱ्यात बुडतो.

पण शेतकरी एकदा फसल्यावर शहाणा होत नाही का?

हा आक्षेप जॉन मूथने १९६१ मध्ये घेतला आणि तो वजनदार आहे. भावाचे चक्र इतके ठरावीक असेल तर लोक ते ओळखतील, सगळे कमी लावतात तेव्हा जास्त लावतील, आणि चक्र मोडेल. काही अंशी तसे होतेही. साठवणूक हा दुसरा आधार: उन्हाळी कांदा साठवणीच्या चाळीत टिकतो, म्हणून तो एकदम बाजारात ओतावा लागत नाही. लाल कांदा टिकत नाही, त्याला ही सोय नाही.

मात्र अंदाज बरोबर यायला इतर हजारो शेतकरी काय लावणार आहेत, पाऊस कसा होईल आणि सरकार मधेच काय करील, हे तिन्ही कळावे लागते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली पण शुल्क राहिले, सप्टेंबरमध्ये ते २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून गेले. रोप टाकताना यातले काय धरायचे? हिशेब नीट मांडणारा शेतकरीही इथे चुकतो, आणि त्याचा दोष त्याच्या समजेला देणे अन्यायाचे आहे.

सगळे बाजार एकत्र धरले तर?

एका बाजाराचा भाव दुसऱ्याला हलवतो, म्हणून वालरासला सगळे बाजार एकदम जुळतात का हे हवे होते. केनेथ अ‍ॅरो आणि जेरार दब्रू यांनी १९५४ मध्ये काटेकोर अटींखाली सिद्ध केले की सर्व बाजार एकाच वेळी जुळतील असे भाव अस्तित्वात असतात. त्यानंतर साहजिकच पुढचे पाऊल ठरले होते: बाजार तिथे पोहोचतो, हेही सिद्ध करायचे. सगळ्या वस्तू एकमेकींच्या पर्यायी असतील, म्हणजे तूरडाळ महागली की लोक मूगडाळीकडे वळतील, तर पोहोचतो, हे १९५० च्या दशकाअखेर दाखवले गेले. आशा वाढल्या.

१९६० मध्ये हर्बर्ट स्कार्फने त्या मोडल्या. त्याच्या उदाहरणात फक्त तीन माणसे आणि तीन वस्तू आहेत. प्रत्येकाकडे एक वस्तू, आणि प्रत्येकाला दोन वस्तू ठरावीक प्रमाणात जोडीनेच हव्यात, एकीची भर दुसरीने होत नाही. वालरासचा नियम लावला, कमी पडेल त्याचा भाव चढवला, उरेल त्याचा उतरवला, तर भाव समतोलाभोवती गोल गोल फिरत राहतात. समतोल मधे आहे, कोणी मूर्खपणा करत नाही, आणि तरीही तिथे कधीच पोहोचत नाहीत. पुढे २००४ मध्ये प्रयोगशाळेत खऱ्या माणसांकडून हा बाजार चालवून पाहिला, तेव्हाही भाव तसेच फिरले.

१९७२ ते १९७४ या काळात ह्यूगो सोननशाईन, रोल्फ मांतेल आणि स्वतः दब्रू यांनी आणखी खोलवरची अडचण दाखवली. प्रत्येक ग्राहक कितीही शिस्तीने वागला तरी सगळ्यांची मागणी एकत्र केल्यावर तिला जवळजवळ कोणताही आकार येऊ शकतो. त्यामुळे स्थैर्याची सर्वसाधारण हमी गणितातून निघण्याची वाट बंद झाली.

मग रोजचे बाजार चालतात कसे?

याचे उत्तर वर्गात केलेल्या प्रयोगांतून आले. हार्वर्डच्या एडवर्ड चेंबरलिनने विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या वाटल्या आणि निकाल १९४८ मध्ये छापले. कोणाच्या चिठ्ठीवर जास्तीत जास्त किती द्यायचे, कोणाच्या कमीत कमी किती घ्यायचे. विद्यार्थी वर्गात फिरून जोडीजोडीने सौदे करत. भाव विखुरलेले राहिले आणि समतोलापेक्षा जास्त सौदे झाले. चेंबरलिनने निष्कर्ष काढला की पाठ्यपुस्तक खोटे आहे.

चेंबरलिनच्या वर्गात नंतर अशाच प्रयोगात विद्यार्थी म्हणून बसलेल्या व्हर्नन स्मिथने पुढे दोन गोष्टी बदलल्या. बोली मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी लावायची, घेणाऱ्यांनीही आणि विकणाऱ्यांनीही. आणि तोच बाजार त्याच चिठ्ठ्यांवर पुन्हा पुन्हा भरवायचा. १९६२ मध्ये त्याने निकाल छापले: काही फेऱ्यांतच भाव समतोलाच्या अगदी जवळ येतात, आणि एकमेकांच्या चिठ्ठ्या कोणालाच ठाऊक नसतात. २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्याला या कामासाठी विभागून मिळाले. माणसे तशीच, नियम बदलले, आणि निकाल बदलला. शेअर बाजार ९.१५ नंतर दिवसभर ज्या पद्धतीने चालतो, ती हीच.

याहून चकित करणारे काम १९९३ मध्ये धनंजय गोडे आणि श्याम सुंदर यांनी केले. त्यांनी माणसांऐवजी वाटेल ती बोली लावणारे संगणकी व्यापारी बसवले. बंधन एकच, तोट्याचा सौदा करायचा नाही. तरीही या बाजारातून मिळू शकणारा जवळजवळ सगळा फायदा पदरात पडला. बाजाराच्या शहाणपणाचा बराच मोठा वाटा त्याच्या नियमांत असतो, व्यापाऱ्यांच्या डोक्यात नव्हे, हे यातून स्वच्छ दिसते.

प्रयोगशाळेच्या यशाला मर्यादाही आहे. स्मिथच्या पहिल्या प्रयोगांत माल घेतला की संपला, तो पुन्हा विकायचा नव्हता. १९८८ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी पुन्हा विकता येणारी, ठरावीक लाभांश देणारी मालमत्ता बाजारात आणली. तिची किंमत किती असायला हवी, हे प्रत्येकाला आकडेमोड करून कळत होते. तरी भाव फुगला आणि शेवटी आपटला. भाजी आणि शेअर यांना एकच वाक्य लावू नये, ते यासाठी.

"ठेवा सरकारच्या हाती" किंवा "सोडा बाजारावर"

या वादाला राजकीय टोकही होते. पोलंडचा ऑस्कर लांगे १९३० च्या दशकात म्हणाला, चाचपडत भाव शोधायचा असेल तर नियोजन मंडळही तो शोधू शकते. माल कमी पडला तर भाव चढवा, साचला तर उतरवा. फ्रीडरिश हायेकने १९४५ मध्ये उत्तर दिले की लागणारी माहिती मंडळापाशी नसतेच, ती लाखो लोकांकडे तुकड्यातुकड्यांनी पडलेली असते आणि भावातूनच पुढे जाते. हायेकचा मुद्दा भक्कम आहे. पण भाव माहिती पोहोचवतो यावरून तो जागेवर पोहोचतो हे निघत नाही, आणि बाजाराचे अनेक समर्थक इथे एक पायरी गाळतात.

नोकऱ्यांच्या बाबतीत ही गाळलेली पायरी महागात पडते. रॉबर्ट क्लॉवरने १९६५ मध्ये ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्सची बेरोजगारीवरची मांडणी या अंगाने उलगडली. काम गेलेल्या माणसाला धान्य, कपडे हवेच असतात, पण पगार नसल्याने ती गरज दुकानापर्यंत मागणी म्हणून पोहोचत नाही. दुकानदाराला खप कमी दिसतो, तो आणखी माणसे कमी करतो. वालरासच्या कच्च्या चिठ्ठ्या असत्या तर "काम मिळाले तर इतके घेईन" हे कारखानदाराला कळले असते. खऱ्या बाजारात पैसे हातात असतील तरच बोली धरली जाते.

म्हणून कोणी "भाव जागेवर येईल" म्हणाले की तीन गोष्टी विचाराव्यात: सौदे कोणत्या नियमाने होतात, जागेवर यायला किती वेळ लागेल, आणि तोवर झालेल्या सौद्यांत कोण संपेल. शेअर बाजाराने हे प्रश्न स्वतःला विचारलेले दिसतात. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या कंपनीच्या शेअरला कालचा भावच नसतो, म्हणून पहिल्या दिवशी त्याच्या बाजारपूर्व सत्राला पंधरा मिनिटांऐवजी नऊ ते दहा असा तास दिला जातो.